मेट्रो ३: कफ परेड ते आरे. हा मार्ग असा का वळला?

चिराबाजारची_लेक (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी बाबांना घेऊन पहिल्यांदा मेट्रो ३ ने गेले. बाबांचं वय ७८, आमची चाळ ठाकूरद्वारजवळ आणि आत्या मरोळला. आजवर आत्याकडे जायचं म्हणजे चर्नी रोडपर्यंत पायपीट, मग स्लो लोकल, मग अंधेरीचा जिना आणि पुढे मेट्रो १. बाबांच्या गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वीच या प्रवासाला नकार दिला होता. रविवारी घरातून निघालो, गिरगाव स्थानकात खाली उतरलो आणि थेट मरोळ नाक्याला वर आलो. मध्ये कुठेही गाडी बदलावी लागली नाही. आत्याने दार उघडलं आणि दोघं बहीणभाऊ बराच वेळ नुसते एकमेकांकडे बघत उभे राहिले.

परतताना बाबा डब्यातला नकाशा वाचत होते. कफ परेडहून चर्चगेट, तिथून पुन्हा पूर्वेला सीएसएमटी, मग काळबादेवी-गिरगाव, ग्रँट रोड, महालक्ष्मी, वरळी, दादर, धारावी, बीकेसी, विमानतळ, सीप्झ, आरे. मला म्हणाले, "अगं, ही एवढी वळणं घेत का जाते? आणि एवढ्या वर्षांत आपल्या गिरगावात रेल्वे का नाही आली?" मला दोन्हींची उत्तरं देता आली नाहीत.

इथे रेल्वेवेडे आणि मुंबईचे जुने जाणकार बरेच आहेत. माहिती हवी आहे. तुमच्या भागातलं स्थानक झाल्यावर तुमचं काय बदललं, तेही लिहा.

रूळओढ

ताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्यातच आहे.

मुंबईत दोन रेल्वे कंपन्या आल्या. जीआयपीने, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेने, १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी सोडली. तिचा रोख बंदरांकडे आणि घाटावरच्या कापसाकडे, म्हणून ती भायखळा, मशीद अशी पूर्वेच्या अंगाने गेली. दुसरी बीबीसीआय, म्हणजे आजची पश्चिम रेल्वे. ती उत्तरेकडून आली आणि बॅक बेच्या काठाकाठाने दक्षिणेला सरकली. विरारहून बॅक बेपर्यंतची पहिली लोकल १२ एप्रिल १८६७ ची. मधला पट्टा म्हणजे गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर. तिथे तेव्हाच इतकी दाट वस्ती होती की रूळ टाकायला जागाच नव्हती. दोन्ही रेल्वे गिरगावच्या दोन बाजूंनी निघून गेल्या आणि गिरगावकर चर्नी रोड नाहीतर मरीन लाइन्सपर्यंत चालत राहिला.

आता नकाशावर पश्चिम रेल्वे, मध्य रेल्वे आणि मेट्रो ३ अशा तीन रेघा ओढून बघा. मेट्रोचं जवळजवळ प्रत्येक वळण रेल्वेने सोडलेल्या एखाद्या जागेकडे आहे: कफ परेड, काळबादेवी, गिरगाव, वरळी, प्रभादेवीची सिद्धिविनायकाकडची बाजू, बीकेसी, दोन्ही विमानतळ, सीप्झ. चर्चगेट आणि सीएसएमटीला ती मुद्दाम वाकडी वाट करून जाते, कारण दोन्ही रेल्वेंची दक्षिणेकडची टोकं प्रथमच एका मार्गात गुंफायची होती.

पाऊलवाट

रूळओढ, +१. वाचनखूण साठवली.

कुलाबा_कॉजवे

कफ परेडबद्दल थोडी भर. तिथे रेल्वे कधीच नव्हती असं मात्र नाही. बीबीसीआयचं शेवटचं स्थानक कुलाबा होतं! मुंबई सेंट्रल डिसेंबर १९३० मध्ये उघडलं आणि त्याच महिन्याच्या अखेरीस कुलाबा स्थानक बंद झालं. चर्चगेटच्या पुढचे रूळ उखडले गेले. स्थानकाच्या जागेवर आज बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आचार्य अत्रे चौक ते कफ परेड हा शेवटचा टप्पा सुरू झाला, तेव्हा चर्चगेटच्या दक्षिणेला जवळपास ९५ वर्षांनी गाडी आली. माझे वडील बंदरात नोकरीला होते. आयुष्यभर चर्चगेटला उतरून बसच्या रांगेत उभे राहिले. पहिल्या आठवड्यात मी एकटाच विधान भवन ते कफ परेड गेलो. एका स्थानकाचा तर प्रवास, पण उतरल्यावर मला फलाटावर दोन मिनिटं बसावं लागलं.

रूळओढ

@कुलाबा_कॉजवे, वा! माझ्या लिहिण्यातून हे राहून गेलं होतं. "रेल्वेने सोडलेली जागा" हे कफ परेडच्या बाबतीत अक्षरशः खरं आहे.

आकडेमोड

थोडा कागदोपत्री इतिहास, कारण मार्ग पहिल्यापासून असा नव्हता.

२००४ च्या सुमारास मुंबईचा पहिला मेट्रो आराखडा झाला, एकूण १४६ किलोमीटरचा. त्यात कुलाबा-वांद्रे-चारकोप असा एकच लांब मार्ग होता आणि त्याचा क्रमांक होता २! पुढे चारकोपची बाजू वेगळी निघाली, कुलाबा-वांद्रे वेगळा मार्ग झाला आणि त्याला ३ क्रमांक मिळाला. मग तो वांद्र्याला न थांबवता बीकेसी आणि विमानतळामार्गे सीप्झपर्यंत वाढवला. म्हणून जुन्या कागदांत याचं नाव "कुलाबा-वांद्रे-सीप्झ" असं दिसतं. केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी जून २०१३ ची. तेव्हाचा अंदाज २३,१३६ कोटी, शेवटचा आकडा ३७,२७६ कोटी. निम्म्याहून जास्त पैसा जपानच्या जायका संस्थेच्या कर्जाचा.

लांबी ३३.५ किलोमीटर, स्थानकं २७. त्यातली २६ जमिनीखाली आणि एकटं आरे वर. गाडी ८ डब्यांची, भाडं १० ते ७० रुपये. टप्पे तीन: ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी, मे २०२५ मध्ये बीकेसी ते आचार्य अत्रे चौक आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये उरलेला.

हिरवीगार

सगळे छान लिहीत आहेत, पण धाग्याच्या शीर्षकात "आरे" आहे आणि त्या शब्दावर कुणी थांबलेलं नाही. मी थांबते.

४ ऑक्टोबर २०१९. मेट्रोची कारशेड, म्हणजे गाड्या उभ्या करायची जागा, आरेत करायला झाडं तोडायची होती. दुपारी उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री कुऱ्हाडी नव्हे, यंत्रं आली. आम्ही काही जणी गोरेगावच्या बाजूने धावत गेलो होतो. आत सोडत नव्हते. अंधारात झाड दिसत नाही, पण पडताना आवाज येतो. आधी करवतीची घरघर, मग क्षणभर शांतता, मग फांद्यांचा सळसळाट आणि जमिनीला बसलेला दणका. असं किती वेळा, ते मोजायचं मी नंतर सोडून दिलं. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडं गेली होती.

मी मेट्रोच्या विरोधात कधीच नव्हते. कारशेड दुसरीकडे करा, एवढंच म्हणणं होतं. या गाडीत मी अजून बसलेले नाही.

सीप्झ_शिफ्ट

हिरवीगारताई, तुमचं दुःख कळतं. तरी दुसरी बाजू लिहितो, राग मानू नका.

मी सीप्झमध्ये १९ वर्षं नोकरी करतो, राहायला लालबागला. इतकी वर्षं रोज लोकलने अंधेरी आणि पुढे बस किंवा रिक्षा. पावसाळ्यात अंधेरी ते सीप्झला कधीकधी दीड तास. माझ्या मुलीचं बालपण मी रविवारी पाहिलं. आता मुंबई सेंट्रलपर्यंत बस आणि तिथून सीप्झपर्यंत मेट्रो. रोज संध्याकाळी सव्वा तास हातात राहतो.

कारशेडला गाड्या उभ्या करायला मोठी सपाट जागा लागते आणि ती मार्गाच्या टोकाजवळ असावी लागते. २०२० मध्ये कांजूरमार्गचं ठरलं, मग त्या जागेच्या मालकीवरून प्रकरण न्यायालयात गेलं आणि कामाला स्थगिती आली. २०२२ मध्ये पुन्हा आरे. मधल्या काळात बोगदे तयार होत होते आणि गाड्या ठेवायला जागा नव्हती.

हिरवीगार

राग नाही. तुमच्या मुलीला वेळ मिळतोय याचा खरंच आनंद आहे. पण कांजूरचा गुंता सोडवता आला असता, हे माझं मत आजही तसंच आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

सीप्झ_शिफ्ट

मान्य.

बोगदेवाला

उशिरा आलो. मी या मार्गाच्या एका टप्प्यावर चार वर्षं सर्व्हेयर होतो, म्हणून जमिनीखालचं थोडं लिहितो.

एकूण १७ टीबीएम, म्हणजे बोगदा खोदणारी यंत्रं होती. त्यांना महाराष्ट्रातल्या नद्यांची नावं होती: गोदावरी, कृष्णा, तापी, वैतरणा, सूर्या. पहिलं यंत्र सप्टेंबर २०१८ मध्ये बोगदा फोडून बाहेर आलं, शेवटचं नोव्हेंबर २०२२ मध्ये. असं ४२ वेळा. प्रत्येक वेळी आम्ही शाफ्टच्या (खाली उतरणाऱ्या उभ्या विहिरीच्या) काठावर उभे राहायचो. आधी समोरच्या भिंतीतून नुसता थरथराट जाणवायचा, मग मधोमध धुळीचा ठिपका, मग काँक्रीटचे तुकडे गळायला लागायचे आणि चिखलाने माखलेलं फिरतं तोंड दिसायचं. नारळ आधीच आणून ठेवलेला असायचा.

मुंबईच्या पोटात बेसाल्ट आहे. कठीण, पण भरवशाचा. खरा त्रास त्याच्या मधल्या ब्रेशिया आणि टफ (ज्वालामुखीच्या तुकड्यांचा आणि राखेचा दगड) यांच्या थरांचा आणि दक्षिणेला भराव टाकलेल्या जमिनीतल्या पाण्याचा. बीकेसी आणि धारावीच्या मध्ये बोगदा मिठी नदीच्या खालून जातो.

गिरगाव-काळबादेवीत वेगळीच अडचण. स्थानक करायचं म्हणजे नेहमी रस्ता वरून उघडून खड्डा घेतात. तिथे तेवढा रुंद रस्ताच नाही. म्हणून जिथे जागा मिळाली तिथे शाफ्ट घेतला आणि त्यातून आत शिरून खडक थोडा थोडा फोडत, लगेच काँक्रीटचा फवारा मारत फलाटाची पोकळी केली. याला न्यू ऑस्ट्रियन पद्धत म्हणतात. वर शंभर वर्षांच्या चाळी, लाकडी खांब, सागवानी जिने आणि आत नांदती माणसं. आमचा निम्मा जीव खाली आणि निम्मा वर असायचा.

माझगावकरीण

माझा पाच वर्षांचा भाचा विचारतोय की गोदावरी नाशिकहून मुंबईला जमिनीखालून कशी आली. त्याला काय सांगू?

बोगदेवाला

सांगा, तुकड्या तुकड्यांनी ट्रेलरवर बसून आली. ते अगदी खरं आहे.

चिराबाजारची_लेक

बोगदेवालादादा, एक विचारते. आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या बाजूच्या भिंतीला जुनी भेग आहे. २०१८ च्या आसपास एक मुलगा आला आणि त्याने त्या भेगेवर प्लास्टिकची पारदर्शक पट्टी चिकटवली. खरं तर दोन पट्ट्या, एकावर एक. एकीवर बारीक चौकटी, दुसरीवर लाल फुली. रोज सकाळी यायचा, पट्टीचा फोटो काढायचा, वहीत काहीतरी लिहायचा. आई त्याला चहा द्यायची. घेताना म्हणायचा, "काकू, फुली हलली नाही, काळजी करू नका." आईचा मात्र जीव टांगणीला. ती रोज स्वतः चष्मा लावून फुली बघायची. ते काय होतं?

बोगदेवाला

ताई, त्याला क्रॅक गेज म्हणतात. एक पट्टी भेगेच्या डाव्या बाजूला चिकटलेली, दुसरी उजव्या. भेग रुंदावली तर लाल फुली चौकटीवर सरकते. एक चौकट म्हणजे एक मिलिमीटर. शिवाय तुमच्या गच्चीच्या कडेला किंवा बाहेरच्या भिंतीला लहान आरसे दिसले असतील. ते प्रिझम. रस्त्यापलीकडून यंत्र त्यांच्यावर किरण टाकून इमारत किती खचली, किती कलली ते मोजायचं. बोगद्याचं यंत्र तुमच्या खालून जायचं त्या दिवसांत ही मापं रात्रंदिवस घेतली जात. आकडा ठरलेल्या मर्यादेजवळ गेला तर खालचं काम थांबायचं.

तो मुलगा मी नव्हतो, माझा टप्पा वेगळा. पण मीही अशाच जिन्यांमधून वर्षभर चहा प्यायलोय. तुमच्या आईला नमस्कार सांगा.

चिराबाजारची_लेक

आई २०२१ मध्ये गेली. पण नमस्कार पोचला असं समजते. फुली शेवटपर्यंत हलली नव्हती.

खेतवाडी_१२

सगळ्यांचं असं सुरळीत झालं नाही, म्हणून लिहितो. आमची इमारत स्थानकाच्या कामात गेली. तीन पिढ्यांचं घर. सामान बांधायला हातात होते ते दिवस कसे गेले आठवत नाही, एवढं आठवतं की देव्हारा सगळ्यात शेवटी उचलला आणि त्याच्या मागच्या भिंतीवर धुराचा काळा पंजा उमटलेला होता. त्याच भागात पुन्हा घर मिळणार हे वचन आहे. तोवर कांदिवलीला भाड्याने आहोत. गणपतीला आणि पाडव्याच्या शोभायात्रेला गिरगावात येतो आणि रात्री परत जातो.

मेट्रो वाईट असं मी म्हणत नाही. गिरगाव स्थानकातून जाणाऱ्या प्रत्येकाने एवढं ध्यानात ठेवावं की त्या सरकत्या जिन्याच्या जागी आमचा ओटा होता.

कुलाबा_कॉजवे

खेतवाडी, घर लवकर मिळो. मनापासून.

पाऊलवाट

काळबादेवीच्या दोन अताश बेहरामांचं प्रकरणही याच टप्प्यातलं. पारशी समाजाने अग्निमंदिरांच्या आणि तिथल्या पवित्र विहिरींच्या काळजीने न्यायालयात धाव घेतली होती. बोगदा जरा बाजूला सरकवून मग काम पुढे गेलं. आणि कफ परेडला रात्रीच्या आवाजावरून २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने रात्री १० ते सकाळी ६ काम बंद ठेवायला लावलं होतं. काही काळाने ती बंदी सैल झाली.

जुना_मराठा

स्थानकांची नावं वाचून मला जे वाटलं ते लिहितो. मी ८१ वर्षांचा आहे, टंकायला नातू मदत करतोय.

हुतात्मा चौक हे एक स्थानक. २१ नोव्हेंबर १९५५ ला तिथे गोळीबार झाला, तेव्हा मी ११ वर्षांचा होतो. आमच्या गल्लीत त्या रात्री चूल पेटली नाही. दुसरं स्थानक आचार्य अत्रे चौक, वरळी नाक्यावर. अत्र्यांचं दैनिक "मराठा" आमच्या घरी एकजण मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. या दोन स्थानकांच्या मध्ये गिरगाव, जिथल्या चाळींतून माणसं मोर्च्याला निघाली. आणि हुतात्मा चौकाच्या अलीकडे एक स्थानक सोडलं की विधान भवन. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ एका मार्गावर ओवलेली आहे. डब्यात ही नावं मराठीतून पुकारली गेली तेव्हा मी टोपी काढून हातात घेतली.

आणखी एक. गिरगाव स्थानक ज्या रस्त्याखाली आहे तो जगन्नाथ शंकरशेट मार्ग. नाना शंकरशेट म्हणजे जीआयपी रेल्वेच्या पहिल्या भारतीय संचालकांपैकी एक. ज्या माणसाने मुंबईत रेल्वे आणायला हातभार लावला, त्याच्या गावात गाडी यायला १७२ वर्षं लागली.

रूळओढ

आजोबा, साष्टांग नमस्कार. हे मला सुचलं नव्हतं.

ट्रामचा_नातू

गिरगावात रेल्वे नव्हती हे खरं, पण त्या पट्ट्याला रूळ नवे नाहीत. ९ मे १८७४ ला घोड्यांची ट्राम सुरू झाली, तिचा एक मार्ग बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीला जायचा. विजेची ट्राम १९०७ मध्ये. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला गेली. माझे आजोबा ट्रामवर कंडक्टर होते. घरी त्यांची तिकिटं पंच करायची चिमटी आहे, अजून तेल घातलं की खटकन वाजते. सीएसएमटी ते दादर मेट्रोने जाताना ती खिशात ठेवली होती. सुरक्षा तपासणीत बाहेर काढायला लावली, तेव्हा तिथल्या मुलीला सगळी गोष्ट सांगितली. तिने ती दोनदा वाजवून पाहिली आणि परत दिली.

माझगावकरीण

दादरबद्दल नवख्यांना सूचना: मेट्रोचं दादर रेल्वे स्टेशनच्या दारात नाही, सेनाभवनाच्या बाजूला आहे. फुलं, भाजी घेऊन गाडी बदलायची असेल तर चालायची तयारी ठेवा. सांताक्रुझचंही तसंच, नाव तेच पण रेल्वे स्टेशन लांब.

आणि पावसाचं काय? २६ मे २०२५ ला अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं होतं ते डोळ्यांसमोरून जात नाही.

बोगदेवाला

रास्त प्रश्न. त्या दिवशी बांधकाम चालू असलेल्या एका प्रवेशद्वाराची बाजू कोसळली आणि रस्त्यावरचं पाणी आत आलं. भुयारी मार्गाला धोका असतो तो दारांतून, म्हणून प्रवेशद्वाराचा उंबरठा रस्त्यापेक्षा वर घेतात आणि पूर अडवायला फळ्यांची सोय ठेवतात. अर्धवट दारात हे संरक्षण पुरं नसतं. मुंबईत काम करताना मे महिन्यालाही पावसाळाच धरायला हवा, हे माझं स्पष्ट मत आहे.

हिरवीगार

@जुना_मराठा आजोबा, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. ती गिरगावातली, मुगभाटातली. तिला जायचंय. पुढच्या आठवड्यात तिला घेऊन जाईन. आरेला मात्र चढणार नाही, मरोळ नाक्याहून बसू.

चिराबाजारची_लेक

बाबांना हा सगळा धागा काल रात्री वाचून दाखवला. दोन तास लागले, कारण ते मध्येमध्ये थांबवून काहीतरी सांगत होते. मार्ग का वळतो ते त्यांना पटलं. म्हणाले, "म्हणजे जिथे चालावं लागायचं तिथे गेली." कुलाब्याच्या बंद झालेल्या स्थानकाबद्दल त्यांच्या वडिलांकडून ऐकल्याचं त्यांना आठवलं.

खेतवाडी_१२, बाबा तुमच्या इमारतीतल्या लोकांना ओळखत असणार. पाडव्याला शोभायात्रा झाली की रात्रीचं परत जाऊ नका, आमच्याकडे मुक्काम करा. व्यनि (खाजगी निरोप) करते.

हिरवीगारताई, आई आल्या की ठाकूरद्वारला वर या. जिन्यात पट्टी अजून आहे, दाखवते.

खेतवाडी_१२

येतो. चौघं आहोत.